मामाजींचे लाल झिंगे

आमच्या आसेगावात कुणाच्या सोयाबीनवर अळी पडली की तो माणूस एक पान तोडून खिशात घालतो आणि आमच्या ओसरीवर येतो. माझे सासरे मारोतराव ते पान उजेडाकडे धरतात, भोकाच्या कडेवरून बोट फिरवतात आणि अळीचं नाव-गाव-कुळ सगळं सांगून टाकतात. मग तिला मारायचं कसं, तेही सांगतात. उभा जन्म या माणसाने किडे मारण्यात घातला. फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यांनी खांद्यावर उमटलेले वळ अजून गेलेले नाहीत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, शेत माझ्या नवऱ्याच्या, हरीओमच्या हातात गेलं आणि मामाजी घरी बसले.

घरी बसलेले मारोतराव म्हणजे काय प्रकरण असतं, ते मला विचारा. मी निता, या घरची सून. मामाजींचा राग गावाला माहीत आहे, पण तो जवळून पाहण्याचं भाग्य आमचंच. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ते जेवणावरून उठले, एसटीत बसले आणि कारंज्याला बहिणीकडे निघून गेले. तिथून निरोप पाठवला, भाजी बदलली असेल तर येतो. त्यांना न आवडणाऱ्या गोष्टीही पुष्कळ. मांजर आवडत नाही, दुपारी कुणी दार वाजवलेलं आवडत नाही आणि आत्याबाईंच्या तांब्याच्या गुंडातलं पाणी तर मुळीच आवडत नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. त्यांचा तो गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, शिरपूरच्या माहेरून लग्नात आलेला. चिंच आणि राख लावून त्या तो असा घासतात की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. रात्री भरून ठेवायचा आणि सकाळी ते पाणी घरातल्या मानाच्या माणसाला द्यायचं, हा त्यांचा नेम. पाहुण्याला, आजाऱ्याला आणि पोटुशी बाईला तर आधी. वैभवीच्या वेळी मला दुसरं पाणी पिऊच दिलं नाही त्यांनी. मामाजी मात्र लग्नापासून ओसरीवरच्या मातीच्या रांजणातलंच पाणी पितात. "तुया गुंडाचं पाणी पेलं का तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागते," असं ते आत्याबाईंना तोंडावर सांगतात, आणि आत्याबाई दर वेळी तेवढ्याच दुखावतात.

तर अशा घरात झिंगे आले, ते वैभवीमुळे. वैभवी माझी लेक. बारावीत असताना तिला काचेच्या टाकीचा नाद लागला. समोरच्या खोलीत खिडकीशेजारी तिने टाकी मांडली, तळाशी माती आणि वाळू घातली, पाण्यात वाढणारी हिरवी झुडपं लावली, एका लाकडावर शेवाळ बांधलं. आम्हाला वाटलं, आता मासे येतील. ती घेऊन आली लालभडक, करंगळीच्या पेराएवढे झिंगे. आमच्याकडे झिंगे म्हटलं की बाजारातले वाळलेले, वांग्यात घालायचे. हे पाळायचे, हे ऐकून आत्याबाईंनी कपाळावर हात मारला.

मग वैभवी कॉलेजसाठी अकोल्याला जायला निघाली. त्या दिवशी मामाजी सकाळपासून ओसरीवरून हलले नाहीत. पोरीने बॅग भरली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"आबा, हे झिंगे तुमच्या भरवशावर ठेवून चालली मी. दिवाळीले येईन तवा जित्ते पाह्यजे."

"किडे हायत थे. मी तं जनमभर किडे मारतच आलो."

"म्हणूनच तुमाले देऊन राह्यली. कायनं मरतात, हे तुमच्याएवढं घरात कोणाले ठाऊक हाय?"

मामाजींनी काठी जमिनीवर आपटली. "बरं," म्हणाले. मारोतरावांचा एक "बरं" म्हणजे गावात स्टॅम्प पेपर समजतात.

वैभवीने जाताना सांगितलेलं सगळं त्यांनी कायद्यासारखं लावलं. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही, म्हणून टाकीजवळ जायच्या आधी प्रत्येकाच्या हाताचा वास घेतला जाऊ लागला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, म्हणून पाणी आधी रांजणात ठेवून मगच टाकीत. पाणी ओढणाऱ्या फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधलेला हवा, नाहीतर एवढासा जीव आत ओढला जातो. तो स्पंज जागेवर आहे ना, हे मामाजी रोज वाकून पाहत, आणि वाकलं की गुडघ्यांच्या नावाने आम्हाला बोलत. मच्छरांची उदबत्ती घरातून बंद झाली. पावसाळ्यात आसेगावचे मच्छर काय असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला आमचे हाल कळतील. आम्ही रात्रभर अंग खाजवायचो आणि झिंगे सुखाने पालक खायचे. पालकही वाफवून, गार करून, नखाएवढा. जास्त टाकला तर सडतो आणि पाणी नासतं. मला कधी कुणी असा पालक वाफवून दिलेला नाही.

सगळ्यात जास्त हाल हरीओमचे. फवारणीचे दिवस होते. तो शेतातून आला की मामाजी काठी आडवी धरून दारात उभे.

"कपडे तेथीच काढ. आंघोळ कर मंग ये."

"बाबा, शेतातल्या हौदावर करून आलो न आंघोळ."

"आणखी कर. तुया अंगाले दवाई लागली असन. यायले नुसती वाऱ्यानं आली तरी पुरते."

पंप तर शेतातल्या खोपडीत, म्हणजे झोपडीतच राहू लागला. ज्या माणसाने औषधाचे डबे उशाशी ठेवून संसार केला, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला हसू आवरत नसे. पण मी पदराआड हसायची.

एकदा सकाळी मामाजी चहा न घेता बसून राहिले. विचारलं तर टाकीकडे बोट दाखवलं. तळाशी एक झिंगा आडवा पडला होता. पाय, मिशा सगळं जागेवर, पण रंग उडालेला. त्यांनी दुपारी जेवणही केलं नाही. संध्याकाळी वैभवीचा फोन आला तेव्हा घसा खाकरून म्हणाले, "बाई, एक गेला तुया."

तिने फोन काचेजवळ धरायला लावला आणि खो खो हसत सुटली. "आबा, थे कात हाय. झिंगा मोठा झाला का कात टाकते. आतला कुठीतरी लपून बसला असन, पाहा."

खरंच तो शेवाळाखाली होता, नव्याकोऱ्या लाल अंगाने. मामाजींना आनंदही झाला आणि स्वतःचा रागही आला. अळी कात टाकते हे ते साऱ्या तालुक्याला शिकवत आले, आणि इथे सुतक धरून बसले. "उपाशी ठेवलं लेकानं," म्हणाले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्या फोनची एक गंमत होती. वैभवी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि मामाजी पूर्ण वेळ फोन काचेला चिकटवून धरायचे. तिला झिंगे दिसायचे, झुडपं दिसायची, मामाजी दिसायचेच नाहीत. मी एकदा म्हटलं, "मामाजी, तुमचं तोंड तं दाखवा तिले."

"माया थोबाडात पाह्यासारखं काय हाय?" ते म्हणाले. मग फोन खिशात घालत म्हणाले, "निता, पोट्टी या झिंग्यायसाठी फोन करते. हे मेले तं कायले करन? अन् मंग दिवाळीले तरी कायले येईन?"

एवढा खडूस माणूस, पण ते वाक्य ऐकून मी त्यांच्या शेजारी टाकीपुढे जाऊन बसले. तेव्हा मला कळलं, काचेपलीकडे हे नेमकं काय राखत बसले आहेत.

मग एक झिंगी गाभण झाली. गाभण म्हणावं की नाही मला माहीत नाही, पण आमच्याकडे हाच शब्द. पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस लटकलेला, आणि ती आपल्या पोटाच्या पायांनी त्याला सारखा वारा घालत होती. मामाजींनी आत्याबाईंना हाक मारली. "हरीची माय, इकडे ये. पाह्य."

आत्याबाई तोवर टाकीच्या वाटेला गेल्या नव्हत्या. त्या आल्या, डोळे बारीक करून पाहिलं, आणि चेहराच बदलला. "अवो, पोटुशी हाय व ते."

त्या दिवसापासून त्या झिंगीला घरात सासूबाई मिळाली. सकाळी पूजा झाली की आत्याबाई टाकीशी जाणार, "कशी हायस व माय?" विचारणार, आणि पाणी उन्हाने आटून जेवढं कमी झालं असेल तेवढं लोट्याने हलकेच घालणार. मलाही त्यांचं कौतुकच वाटायचं. मामाजी त्या वेळी ओसरीवर दाढी करत असायचे. पाणी घातलेलं दिसलं की म्हणायचे, "बरं केलं."

आठवडा असाच गेला असेल. मग झिंगे सैरावैरा पळायला लागले. एरवी दिवसभर शेवाळ चिमटत बसणारे जीव वर-खाली येरझारा घालू लागले. एक आडवा पडला. या वेळी ती कात नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. गाभण झिंगी लाकडाखाली अंग चोरून बसली होती आणि तिचा वारा घालण्याचा वेग मंदावला होता.

पहिला आळ हरीओमवर आला. बिचाऱ्याची रवानगी गोठ्याशेजारच्या खोलीत झाली. "आता झिंग्यायसाठी बापानं घराबाहेर काढलं हे गावात कोणाले सांगू?" तो मला म्हणाला. तो बाहेर गेला तरी झिंगे मरायचे थांबेनात. तांड्यावरचे गुलाबसिंग, मामाजींचे जुने दोस्त, कपाशीचं पान घेऊन आले. मामाजींनी पानाकडे पाहिलंही नाही. गुलाबसिंगांनी टाकीत डोकावून थट्टा केली, "मारोतराव, एवढ्याशा झिंग्यायची भाजी किती जनायले पुरन?" एरवी मामाजींनी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी म्हणाले, "गुलाबसिंग, उद्या ये." त्यांचा तो मऊ आवाज ऐकून गुलाबसिंग पान खिशात घालून उठून गेले, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी मामाजी दाढी न करता टाकीपुढे बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात कणीक मळत होते. झुडपांबरोबर टाकीत बारक्या गोगलगायी आल्या होत्या. त्या सगळ्या पाण्यातून निघून काचेवर वर चढल्या होत्या, कोरड्यात. मामाजी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"निता," ते म्हणाले, "विहिरीत आमी मोरचूद टाकलं होतं, शेवाळ माराले. तवा गोगलगायी अशाच भिताडावर चढल्या होत्या."

मोरचूद म्हणजे तांब्याचं निळं औषध, संत्र्याच्या झाडांना चुन्यात कालवून मारतात ते. मी म्हटलं, "घरात कुठी हाय मोरचूद?"

तेवढ्यात आत्याबाई आल्या. पूजा आटोपलेली, डोक्यावर पदर, हातात लोटा. गुंडातून भरून आणलेला. टाकीवर वाकून म्हणाल्या, "घे व माय, गार पाणी घे. पोटात जीव हाय तुया."

मामाजींनी लोट्याकडे पाहिलं. मग गुंडाकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं आणि कणकेतले हात तसेच राहिले. मिठासाठी कारंज्याला जाणारा हा माणूस आता काय करेल, याची कल्पना करून मी डोळे मिटून घेतले.

"थे इकडे आण," मामाजी म्हणाले. "मले तहान लागली."

आत्याबाईंना समजेना. त्यांनी लोटा पुढे केला. मामाजींनी तो तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला, पण लोटा संपवला.

"हरीची माय, उद्यापासून तुया गुंडाचं पाणी मले देत जाय. तांब्याचं पाणी गुडघ्यायले चांगलं असते म्हणतात. झिंग्यायले कायले वाया घालतं? त्यायले रांजणातलं टाक."

"लग्नापासून तं नाई पेले तुमी."

"आता पेतो."

आत्याबाई लाजल्या. अगदी खरं सांगते, त्या वयात त्या लाजल्या. रिकामा लोटा घेऊन आत गेल्या आणि मामाजींनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

मग घरात धावपळ झाली. सगळं पाणी एकदम बदललं असतं तर त्या धक्क्यानेच उरलेले गेले असते, हे वैभवीने बजावलं होतं. मामाजींनी गोठ्याकडे हाक मारली, "हरी, संत्र्यातली ठिबकची बारीक नळी आण. अन् आजपासून घरात झोप." हरीओमने कारण विचारलं नाही, नळी आणली. खुर्चीवर रांजणातल्या पाण्याची बादली, तिच्यातून नळी, नळीतून टाकीत थेंब थेंब. जुनं पाणी मामाजी स्वतः वाटीने काढत होते, एका वेळी थोडंच. रोज एवढंच, दुसऱ्या दिवशी पुन्हा. संत्र्याच्या बागेलाही त्यांनी कधी इतकं मायेने पाणी दिलं नसेल.

संध्याकाळी वैभवीचा फोन आला. टाकीतली गर्दी कमी झालेली तिला लगेच दिसली. "आबा, काय झालं?"

"मायी चूक झाली," मामाजी म्हणाले. "मी एका टायमाले जास्तच पाणी बदललं."

पोरीने चांगलं झाडलं त्यांना. इतकं सांगूनही असं कसं केलं, म्हणून. मारोतरावांना कुणी असं बोललेलं मी या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. ते मान खाली घालून "हो बाई, हो बाई" करत राहिले. आत्याबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हातारपणी असं होते, रागवू नोको त्यायले." मला हसावं की रडावं कळेना. मी उठून भाजी ढवळायला गेले.

झिंगे मरायचे थांबले. गोगलगायी पुन्हा पाण्यात उतरल्या. झिंगी लाकडाखालून बाहेर आली आणि पोटाच्या पायांनी पुन्हा भराभर वारा घालू लागली. पण अंडी वाचली की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मामाजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेमागून देशी बदामाचं वाळलेलं पान आणून पाण्यात सोडलं, पिल्लांना आडोसा म्हणून. फिल्टरचा स्पंज दोऱ्याने आणखी घट्ट बांधला. आणि रोज सकाळी, न चुकता, तोंड वाकडं करत गुंडाचा लोटा रिकामा केला. आत्याबाईंनी कौतुकाने मोठा लोटा काढला होता.

एका सकाळी त्यांनी अशी हाक मारली की मला वाटलं पडले. "निता, चष्मा. मायावाला नाई, तुयावाला."

बदामाच्या पानावर काहीतरी हललं. राईच्या दाण्याहून बारीक, जवळजवळ पारदर्शक, पण मिशा आणि पाय सगळं असलेलं. मग दुसरं दिसलं, मग शेवाळात आणखी. एकदा नजर बसली की जिकडेतिकडे तेच. मामाजी गुडघे विसरून जमिनीवरच बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

त्यांनी गावात पेढे वाटले. गुलाबसिंगांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "कोनाले झालं बाप्पा?"

"झिंगीले," मामाजी म्हणाले. "भाजीचं नाव काढशीन तं पेढा परत घेईन."

दिवाळीला वैभवी आली. मामाजींनी सकाळीच काच पुसून ठेवली होती, टाकीचा दिवा लावला होता आणि स्वतः बाजूला भिंतीला टेकून उभे होते, तिला नीट दिसावं म्हणून. तिने बॅग खाली टाकली आणि टाकीवरून पुढे येऊन सरळ त्यांच्या गळ्यात पडली.

"आधी झिंगे पाह्य न बाई," मामाजी म्हणाले.

"झिंगे तं रोजच पाह्यते फोनवर. तुमी कुठी दिसता त्यात?"

मामाजी तिथेच भिंतीशी खाली बसले. ती त्यांना बिलगून बसली आणि तिथूनच टाकीकडे पाहत राहिली. पिल्लं आता लाल होऊ लागली होती. आत्याबाईंनी चकल्या आणल्या. वैभवी सहज बोलून गेली, "आजी, एक सांगाचं राह्यलंच होतं मले. या टाकीत तांब्याच्या भांड्यातलं पाणी कधी टाकू नोको. झिंग्यायले तांबं म्हणजे जहर हाय."

चकलीचं ताट आत्याबाईंच्या हातात तसंच राहिलं.

"कोण टाकते?" मामाजी घाईने म्हणाले. "तिच्या गुंडाचं पाणी मलेच पुरत नाई."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवून त्या आत गेल्या आणि डबे उगाच इकडचे तिकडे करत राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "धूर गेला डोळ्यात." चूल कधीच विझलेली होती.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मामाजींपुढे लोटा ठेवला. मामाजींनी एक घोट घेतला आणि थांबले.

"हे रांजणातलं हाय."

"हो. आता रांजणातलंच पेत जा. लय दिवस पेले तुमी गुंडाचं."

मामाजींनी लोटा खाली ठेवला. टाकीत पिल्लं पालकाच्या तुकड्यावर तुटून पडली होती, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "जाय, गुंडाचं आण. सवय झाली आता."

आत्याबाईंनी गुंडातून मोठा लोटा भरून आणला आणि ते पिईपर्यंत समोरच बसून राहिल्या. मामाजींनी कारलं खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि लोटा रिकामा करून त्यांच्या हातात दिला.